खिडक्या बदलाव्यात की नाही? खर्च आणि बचतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतीच्या रंगकामाची परांची बांधली गेली की सोसायटीत खिडक्यांचा विषय हमखास निघतो. कुणाच्या स्लायडिंगमधून पावसाचं पाणी आत येतं, कुणाला रस्त्याच्या आवाजाने झोप लागत नाही, आणि एसीच्या बिलाची तक्रार तर घरोघरची. मग कुणीतरी डबल काचेचं कोटेशन आणतं. त्याच्या तळाशी लिहिलेलं असतं, 'वीजबिलात भरघोस बचत'. त्या एका ओळीवरून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची ही उत्तरं.

नवीन खिडक्या लावल्या की वीजबिल खरंच कमी होतं का?

होतं, पण निव्वळ बिलासाठी खिडक्या बदलणं आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. आवाज, गळणारं पाणी, धूळ किंवा कुजलेली चौकट यासाठी बदलत असाल, तर खर्च सार्थकी लागू शकतो. वाचलेली वीज हा तेव्हा वरचा नफा समजा. उलट नुसत्या बिलासाठी निघाला असाल, तर आधी पुढचे दोन-तीन प्रश्न वाचा आणि मग टेप घेऊन खिडकी मोजा.

खिडकीतून उष्णता नेमकी येते कशी?

दोन वाटांनी. पहिली वाट उन्हाची. ऊन काचेतून थेट आत शिरतं आणि फरशी, गादी, भिंत तापवतं. दुसरी वाट तापमानातल्या फरकाची. बाहेर 38 अंश आणि आत 26 असेल, तर ऊन नसतानाही काच आणि चौकट यांतून उष्णता आत झिरपते. तिसरी एक चोरवाट आहे, ती फटींची. तिच्याकडे नंतर येऊ.

काचेच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. 'एसएचजीसी' म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते ते. साध्या पारदर्शक काचेचा हा आकडा 0.8 च्या आसपास असतो, म्हणजे शंभरातली ऐंशी टक्के उष्णता घरात. 'यू-व्हॅल्यू' दुसऱ्या वाटेची, म्हणजे तापमानात एका अंशाचा फरक असताना काचेच्या दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता झिरपते ते. साध्या एकेरी काचेची साधारण 5.7, साध्या डबल काचेची 2.8 च्या जवळपास, तर लो-ई म्हणजे उष्णता परतवणारा पातळ लेप दिलेल्या चांगल्या डबल काचेची 1.8 किंवा त्याहून कमी. दोन्ही आकडे जितके लहान तितकं आपल्या हवेत बरं.

आता हिशेब करू. पाच फूट रुंद, चार फूट उंच अशी पश्चिमेची खिडकी घ्या, म्हणजे 20 चौरस फूट किंवा 1.86 चौरस मीटर. एप्रिलमधली दुपारी चारची वेळ. काचेवर दर चौरस मीटरला 500 वॅट ऊन पडतंय असं धरू. साध्या काचेतून उन्हाच्या वाटेने सुमारे 750 वॅट येतात आणि तापमानाच्या फरकामुळे सुमारे 125. एकूण 875. एक टनाचा एसी साधारण 3500 वॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे पाव टन एसी नुसता या एका खिडकीच्या तैनातीत.

उन्हाचे 750 आणि तापमानाच्या फरकाचे 125, या दोन आकड्यांमध्ये केवढी तफावत आहे ते पाहा. साधी डबल काच मुख्यतः त्या 125 वरच काम करते. त्याचे 60 होतात. उन्हाचे 750 मात्र 650 वरच थांबतात, कारण दोन पारदर्शक काचा झाल्या तरी त्या पारदर्शकच. 'डबल काच लावली तरी दुपारी खोली तापतेच' ही तक्रार इथून येते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. इमारतीच्या बाह्य कवचातून किती उष्णता शिरते याचं तिच्यातलं सूत्र मांडून पाहिलं, तर काचेच्या बाबतीत उन्हाच्या पदाचं वजन यू-व्हॅल्यूच्या पदापेक्षा कितीतरी जास्त निघतं. आपल्या हवामानात लढाई उन्हाशी आहे.

मग रुपयांत किती वाचतील?

वरचीच खिडकी घेऊ. उन्हाळ्याचे 90 दिवस, रोज दुपारचे चार तास एसी चालू. रात्रीचा एसी वेगळा. एसी एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो असं धरू आणि युनिटचा दर 15 रुपये. हा दर मी हिशेबासाठी धरलाय. तुम्ही तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर घ्या, कारण एसीची युनिटं त्याच टप्प्यात जाऊन बसतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांना टप्पा बदलतो हे विसरू नका.

साध्या डबल काचेने दुपारचे 250 आणि रात्रीचे 60-70, मिळून वर्षाला सव्वातीनशे रुपयांच्या आसपास वाचतात. एकेरीऐवजी डबल काच घेतल्याचा वाढीव खर्च चौरस फुटाला 350 रुपये धरला, तर 7000, त्यावर 18 टक्के जीएसटी. पैसे वसूल व्हायला पंचवीस वर्षं. तोवर त्या काचेचं सील टिकलेलं असेल याची खात्री कुणी देत नाही.

ऊन अडवणारी लो-ई डबल काच जास्त काम करते. तिचा एसएचजीसी 0.3 असेल, तर 875 वॅटचे 320 होतात आणि वर्षाला साडेनऊशेपर्यंत वाचतात. पण चौकटीसकट पूर्ण नवी खिडकी चौरस फुटाला 1500 ने धरली, तर करासह 35 हजारांच्या पुढे जाते. सदतीस वर्षं.

आता तिसरा पर्याय. जुनीच खिडकी ठेवा आणि बाहेरून, काचेपासून थोडं अंतर सोडून, शेतीच्या दुकानात मिळतं तसलं 75 टक्के शेडनेट पाइपच्या चौकटीवर ताणून लावा. उन्हाचे 750 वॅट कागदावर 190 वर येतात, एकूण 315. म्हणजे महागड्या काचेइतकंच! खर्च, मजुरीसकट, 2000 रुपये धरा. अडीच वर्षांत वसूल. दिसायला डाळिंबाच्या बागेसारखं दिसतं, हे मान्य. ते नको असेल तर बांबूची चिक, बाहेरची झडप किंवा गजांवर चढवलेली मधुमालती हेच काम करते. फक्त ऊन काचेच्या *बाहेर* अडायला हवं. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो. फिक्या रंगाचा, अस्तर लावलेला पडदा त्यातलं थोडं परत फेकतो. गडद पडदा तापून स्वतःच रेडिएटर होतो.

दुपारी घरी कुणी नसेल आणि एसी रात्रीच लागत असेल, तर वरची बचत आणखी आक्रसते. दुपारी तापलेली भिंत आणि गादी रात्री एसीला थोडा जास्त वेळ पळवतात, तेवढाच फायदा उरतो.

सगळ्या खिडक्या एकदम बदलाव्या लागतील का?

अजिबात नाही. दिशा बघा.

मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, नागपुरात त्या महिन्याच्या अखेरीस. सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळपास पडतच नाही. दीड-दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो तेव्हा तिथून ऊन येतं, आणि तेव्हा ते हवंहवंसंच वाटतं. उत्तरेच्या खिडकीवर काचेचा खर्च करणं म्हणजे पाण्यात पैसा.

खरा त्रास पश्चिमेचा. चारच्या सुमारास सूर्य इतका खाली आलेला असतो की छज्जा नुसता शोभेला राहतो. पूर्वेलाही तसंच ऊन येतं, पण सकाळी हवा अजून गार असते. आणि कोकणात, मुंबईत, घाटमाथ्याच्या बाजूला जूनपासून पावसाची झडही पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच येते. म्हणजे ऊन आणि पाणी दोन्हींचा मारा त्याच खिडकीवर. बजेट एकाच खिडकीचं असेल, तर ती हीच.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर खिडक्यांचा विचार जरा बाजूला ठेवा. तुमची खोली गच्चीमुळे तापते आहे. आधी तिथे पांढरा चुना किंवा चायना मोझॅक करून घ्या.

माझा भाऊ न्यू जर्सीत राहतो. तो म्हणतो, डबल काचेशिवाय घर म्हणजे वेडेपणा. तो चुकीचं सांगतोय का?

त्याच्या घरापुरतं तो बरोबर सांगतोय. तिथे जानेवारीत बाहेर उणे पाच, आत एकवीस. फरक 26 अंशांचा, आणि तो दिवसरात्र, कित्येक महिने. उन्हाची तर तिथे हिवाळ्यात मदतच होते. अशा ठिकाणी यू-व्हॅल्यू हाच मुख्य आकडा. आपल्याकडे रात्री बाहेर 28 आणि एसीत 25 असतं. तीन अंशांसाठी दुसरी काच कशाला? इंटरनेटवरचे बरेच सल्ले थंड देशांतून आलेले असतात, आणि आपले विक्रेते तेच भाषांतर करून छापतात.

यूपीव्हीसी, ॲल्युमिनियम की लाकूड?

ॲल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेतं, यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लॅस्टिक नेत नाही, हे खरं. पण एकेरी काच ठेवून फक्त चौकट बदलली, तर बिलात फरक शोधावा लागेल. चौकट निवडताना टिकाऊपणा पाहा. यूपीव्हीसीच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते विचारा. मोठ्या खिडकीत ती नसेल तर शटर पुढे लोंबतं. गडद रंगाच्या चौकटी उन्हात जास्त तापतात, म्हणून पश्चिमेला पांढरीच घ्या. रत्नागिरी, अलिबाग, पणजी अशा खाऱ्या हवेत यूपीव्हीसी गंजत नाही, पण बिजागऱ्या आणि स्क्रू गंजतात. तिथे 316 ग्रेडचं स्टेनलेस मागा.

जुन्या घरात सागवानी खिडक्या असतील तर कृपा करून फेकू नका. सुताराकडून बिजागऱ्या, कड्या नीट करून, चौकटीला रबरी पट्टी लावून घेतली तर त्या आपल्याला पुरून उरतील. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ कवचांची तावदानं असतात. उजेड आत येतो पण डोळ्यांना खुपत नाही. शहाण्यासुरत्या माणसांनी केलेल्या गोष्टी आहेत या.

काचेवर फिल्म लावली तर? तिच्यावर बंदी आहे ना?

ती बंदी गाड्यांच्या काचांवर आली होती, सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालामुळे. घराच्या खिडकीला ती लागू नाही.

चांगली फिल्म ऊन बऱ्यापैकी अडवते आणि पूर्ण खिडकीच्या तुलनेत फार स्वस्त पडते. बाहेरून काही लावायला सोसायटी परवानगी देत नसेल, तर हाच मधला मार्ग. दोन गोष्टी मात्र बघा. फार गडद फिल्म लावून दिवसा दिवे लावावे लागले तर काय कमावलं? आणि टफन न केलेल्या, म्हणजे तापवून मजबूत न केलेल्या साध्या काचेवर उष्णता शोषणारी फिल्म लावली, आणि तिचा अर्धा भाग सावलीत राहत असेल, तर ताणाने काच तडकू शकते. विक्रेत्याला परावर्तित करणारी आणि शोषणारी यांतला फरक विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरीकडे जा.

आवाजासाठी खिडक्या बदलायच्या आहेत. डबल काच हाच उपाय ना?

आवाज हे खिडकी बदलण्याचं सगळ्यात चांगलं कारण. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती तुमच्या चौकात किती पाळली जाते हे तुम्हीच जाणता.

पण आवाज हवेच्या वाटेने येतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का फट उघडी असेल, तर काच कितीही जाड लावा, आवाज सुमारे 20 डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. स्लायडिंगमध्ये शटरच्या कडेला ब्रशसारखी पट्टी असते. तिच्यातून हवा जाते, म्हणून आवाजही. त्याऐवजी बिजागरीवर उघडणारी, चारी बाजूंनी रबरी गॅस्केट असलेली आणि दोन-तीन ठिकाणी लॉक होणारी खिडकी घ्या. काच लॅमिनेटेड घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली. ट्रकच्या घरघरीपुढे ती पातळ पोकळीच्या डबल काचेला सहज टक्कर देते. डबलच हवी असेल, तर दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या मागा.

सगळ्यात परिणामकारक उपाय जरा जुनाट आहे. जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला चार इंच सोडून दुसरी खिडकी बसवायची. भिंत जाड असेल तरच जमतं.

आमच्या बेडरूमला आम्ही आधी स्लायडिंग यूपीव्हीसी लावली. विक्रेत्याने 'साउंडप्रूफ' म्हणून विकली. रात्री रिक्षावाल्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. दोन वर्षांनी तीच काढून उघडझापीची लावली. दोनदा पैसे गेले.

खिडकी न बदलता काही करता येईल का?

बरंच काही. पंखा बंद करा, एसी लावा, अगरबत्ती पेटवून शटरच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे हलतो तिथे फट. चिकट रबरी पट्टी, झिजलेल्या ब्रशची नवी लाइन, चौकट आणि भिंतीमधल्या भेगेत सिलिकॉन, एवढ्यात एका खिडकीचं काम काही शे रुपयांत होतं. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला भोकं असतात. ती मातीने बुजलेली असली की पाणी खोलीत येतं, आणि लोक पाच आकडी खर्चाचं कोटेशन मागवतात. जुना टूथब्रश वापरून बघा आधी.

आणि फुकटचा उपाय: ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्याच सांगण्याप्रमाणे एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते. 23 चं 25 करा, वर पंखा लावा.

आम्ही विदर्भात राहतो, घरात कूलर आहे. आम्हाला घट्ट बंद होणाऱ्या खिडक्या उपयोगी पडतील का?

कूलर असेल तर नकोतच. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर तासाभरात खोलीत चिकचिक होते. तुमच्यासाठी चांगली खिडकी म्हणजे जिच्यात कूलर नीट बसेल, समोरून हवा जाईल आणि पश्चिमेला वाळ्याचा पडदा टांगता येईल अशी.

स्लायडिंगमध्ये जागा वाचते, मग तीच का नको?

जागा वाचते, पण दोन शटरची स्लायडिंग जास्तीत जास्त अर्धीच उघडते. जुन्या लाकडी दोन फळ्यांच्या खिडकीच्या जागी ती बसवली की हवा निम्मी होते, आणि आधी पंख्यावर निभणारं घर एसी मागू लागतं. बचतीसाठी लावलेल्या खिडकीने बिल वाढवल्याची उदाहरणं आहेत. दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत आपल्याकडे उघडी खिडकी हाच एसी असतो. डासांची जाळी धरून तीन ट्रॅक घ्यायचे असतील तर एकूण उघडझाप किती मिळेल ते आधी विचारा.

बाथरूमच्या खिडकीलाही डबल काच लावू का?

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झडप किंवा जाळी बंद करूच नका. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. यात बचतीचा हिशेब करायचा नसतो. स्वयंपाकघरातही गॅसजवळची एक खिडकी उघडती ठेवा.

डबल काचेच्या आत धुकं धरलंय. पुसता येतं का?

नाही. दोन काचांमधली जागा सीलबंद असते आणि कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. सील फुटलं की पावसाळ्याची दमट हवा आत जाते. काचेचं ते युनिटच बदलावं लागतं. चौकट तीच राहते. म्हणून काचेच्या सीलची हमी चौकटीच्या हमीपेक्षा वेगळी, आणि लेखी घ्या. कारखान्यात मशीनवर सील केलेलं युनिट आणि गल्लीतल्या दुकानात हाताने चिकटवलेलं युनिट पहिल्या दिवशी सारखंच दिसतं.

कोटेशन तपासताना काय बघायचं?

दर जीएसटीसह आहे की वगळून? जुनी खिडकी काढणं, भिंतीची मोडतोड, पुन्हा प्लॅस्टर आणि रंग कुणाकडे? मजल्यावर चढवायची मजुरी? ग्रिल काढून परत बसवणं? काचेची जाडी, टफन की लॅमिनेटेड, एसएचजीसी आणि यू-व्हॅल्यू हे चार तपशील कागदावर हवेत. 'ब्रँडेड ग्लास' एवढंच लिहिलं असेल तर ते कोटेशन नव्हे. मापं स्वतःही घ्या. जुन्या इमारतीत एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांत इंचभर फरक सहज निघतो. आणि पावसाळ्याच्या तोंडावर काम काढू नका.

सोसायटीची परवानगी लागते का? आणि घर भाड्याचं असेल तर?

बाहेरून दिसणारा रंग, आकार, पुढे आलेलं ग्रिल यात बदल होणार असेल तर सोसायटीचं पत्र आधी घ्या. शेडनेटलाही विचारून घेतलेलं बरं. शेजाऱ्यांचं पाहून परवानगी आहे असं गृहीत धरू नका. भाड्याच्या घरात पैसे घालायचेच असतील तर सोबत नेता येईल तिथेच घाला: चिक, पडदा, रबरी पट्टी. खिडकी घरमालकाची.

जुन्या खिडक्यांचं काय करायचं?

ॲल्युमिनियम भंगारात किलोवर जातं आणि चांगला भाव येतो. बरेच ठेकेदार 'जुनं आम्ही घेऊन जाऊ' म्हणतात ते याचसाठी. एक तर वजन करून ती रक्कम कोटेशनमधून वजा करायला लावा, किंवा भंगारवाल्याला स्वतःच बोलवा. काचा धडधाकट असतील तर गावाकडच्या गोठ्याला किंवा बाल्कनीतल्या कपाटाला उपयोगी पडतात. मधुमालतीच्या वेलासाठी जुनं ग्रिल मात्र ठेवून द्या.